मोटर बदलली, पुली बसेना: काम कुठे, खर्च कशाकशाचा?

गिरणीची मोटर जळाली, नवी आणली आणि जुनी पुली नव्या शाफ्टवर जात नाही. अशा वेळी कुणी ‘शाफ्टच घासून देतो’ म्हणालं, तर साफ नको म्हणा. वॉरंटी जाते, शाफ्ट कमजोर होतो, चावीचा गाळा उथळ होतो. बदल करायचा तो पुलीत.

आधी माप घ्या, तेही व्हर्नियरने. ४ पोलच्या प्रमाणित फ्रेमच्या मोटरीला १ एचपीला सहसा १९ मिमी शाफ्ट असतो, २ एचपीला २४, ३ आणि ५ एचपीला २८. चावी १९ ला ६ मिमी रुंद, २४ आणि २८ ला ८ मिमी. जुनी मोटर इंची मापाची असेल तर पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. टेपने हा फरक कळत नाही, पण पुली सैल बसते.

काम लेथवाल्याकडे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, पुण्यात भोसरी, नाशकात सातपूर-अंबड. तालुक्याच्या गावी पंपदुरुस्तीवाल्याला विचारा, तो पत्ता सांगेल. तयार पुली मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळते. कागदपत्रं लागत नाहीत. पुली, चावी आणि शक्य असेल तर मोटरच सोबत न्या.

पुलीचं भोक लहान असेल तर काम सोपं: बोअर वाढवायचा, नवा गाळा पाडायचा. मात्र मधला बॉस किती जाड आहे ते पाहा. ४० मिमीच्या बॉसमध्ये २४ चा बोअर केला की प्रत्येक बाजूला ८ मिमी उरतात, गाळ्यापाशी पाचांहूनही कमी. बिडाच्या पुलीत याहून पातळ नको, नवी घ्या.

भोक मोठं असेल तर बुश लागतो, आणि फसगत इथेच होते. २४ च्या भोकात १९ चा शाफ्ट म्हणजे बुशाची भिंत अडीच मिमी. गाळा त्यात आरपार जातो. मग पायरीची चावी बनवावी लागते, खाली ६ आणि वर ८ मिमी. ती न करता नुसत्या ग्रब स्क्रूवर भागवू देऊ नका. पत्रा गुंडाळणं आणि वेल्डिंग तर नकोच. पुली डगमगते, बेअरिंग जातं.

लहान पुलीचं काम बहुधा काहीशे रुपयांत होतं, पण सांगितलेला भाव पुष्कळदा फक्त बोअरचा असतो. स्लॉटिंग म्हणजे गाळा पाडणं वेगळं, बुशाचा माल वेगळा, चावी वेगळी, अडकलेली पुली काढायची मजुरी वेगळी. चारही धरून एकच आकडा आधी ठरवा. काढताना पुली फुटली तर भरपाई कुणाची, हेही विचारा. पक्क्या बिलावर जीएसटी येईल. बेरीज नव्या पुलीच्या किमतीजवळ गेली तर नवीच घ्या. टेपर-लॉक पुली महाग पडते, पण पुढच्या वेळी फक्त बुश बदलून भागतं.

वेळ? लेथ मोकळा असेल तर काही तास. स्लॉटिंग दुसरीकडे जात असेल तर दुसरा दिवस धरा.

पुलीचं भोक वाढवता येतं, पण मोटरवर धार लावायचा दगड बसवायचा असेल तर त्याचं भोक कधीही मोठं करू नका. त्याने तडा गेलेला दगड फिरताना फुटतो आणि माणूस जायबंदी होतो. योग्य भोकाचाच दगड घ्या.

पैसे देण्याआधी नेमप्लेटवरचा वेग वाचा. जुनी मोटर १४४० आरपीएमची आणि नवी २८०० च्या वरची असेल, तर तीच पुली गिरणी दुप्पट वेगाने पळवेल. पुली ठोकून बसवू देऊ नका. शाफ्टच्या टोकाला आटे असतील तर बोल्टने ओढून बसवा. तासभर चालवल्यावर मोटर बंद करा, वीज तोडा आणि ग्रब स्क्रू पुन्हा आवळा.