अपरिचित संगणक-प्रणालीत आज्ञावली बसविताना

दात्यांकडून वा माजी विद्यार्थ्यांकडून शाळांस जे वापरलेले संगणक मिळतात, त्यांपैकी काहींवर आपणांस परिचित असलेली विंडोज ही प्रणाली नसते. लिनक्स कुळातील उबुंटू अथवा तत्सम प्रणाली असते. यामागे दात्याची काटकसर आहे असे समजण्याचे कारण नाही. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीस निर्मात्यांकडून मिळणारा सर्वसाधारण विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अकरावी आवृत्ती जे नवे अंतर्भाग मागते ते जुन्या यंत्रांत नसतात. अशी यंत्रे भंगारात घालण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसविले तर ती आणखी काही वर्षे उत्तम काम देतात. केरळ राज्याने तर आपल्या शाळांतील संगणकशिक्षणाचा पायाच या मुक्त प्रणालीवर घातला आहे. तेव्हा असे यंत्र दारी आले असता ते आच्छादन घालून कोपऱ्यात ठेवून देणे योग्य नव्हे. परंतु ते कोपऱ्यात का जाते, हे पाहिले पाहिजे.

बहुधा ते पहिल्याच आठवड्यात जाते. शिक्षक मोठ्या उत्साहाने मुलांसाठी एखादी शैक्षणिक आज्ञावली महाजालावरून उतरवून घेतात. विंडोजवरील सवयीप्रमाणे त्या फाइलीवर दोनदा टिचकी मारतात. आज्ञावली सुरू होत नाही. ही फाइल उघडण्यास योग्य साधन नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश तेवढा येतो. पुन्हा उतरवून पाहिले तरी तेच. मग यंत्र बिघडलेले आहे असा निष्कर्ष निघतो.

वस्तुतः यंत्रात काहीही बिघाड नसतो. ज्या फाइलीच्या नावाअखेर बिंदूपुढे ई-एक्स-ई ही अक्षरे असतात, ती विंडोजसाठी बांधलेली असते. प्रत्येक आज्ञावलीस पडद्यावर चित्र काढणे, ध्वनी वाजविणे, फाइल वाचणे या कामांसाठी प्रणालीकडे मागणी करावी लागते. ही मागणी करण्याची रीत विंडोजमध्ये एक आणि लिनक्समध्ये दुसरी. मोडी लिपीत लिहिलेले पत्र बालबोध जाणणाऱ्याच्या हाती द्यावे, तशातली ही गोष्ट आहे. पत्रात दोष नाही, वाचणाऱ्यातही नाही. वाइन नावाचा एक दुभाष्या उपलब्ध आहे व तो काही विंडोज आज्ञावल्या लिनक्सवर चालवितो. परंतु नवशिक्याने त्याच्या नादी प्रथमच लागू नये असे आमचे मत आहे. एका अडचणीच्या जागी दोन होतात.

लिनक्सची मूळ गाभ्याची आज्ञावली फिनलंडमधील लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्याभोवती इतर आज्ञावल्यांची जुळणी करून जे पूर्ण संच निघाले, त्यांत १९९३ साली आरंभ झालेला डेबियन हा एक प्रमुख होय. त्याच्याच आधारे २००४ साली उबुंटू निघाले. या संचांची खरी विशेषता अशी की आज्ञावल्या दारोदार हिंडून गोळा करावयाच्या नसतात. संच चालविणारी मंडळी हजारो आज्ञावल्या एका भांडारात ठेवतात. प्रत्येक आज्ञावली एका गठ्ठ्यात असते. त्यास पॅकेज म्हणतात. एका पॅकेजास चालण्यासाठी दुसरी कोणती पॅकेजे लागतात, याची नोंद त्यातच केलेली असते. आपण एक मागितले की बाकीची आपोआप येतात. काय आले, काय गेले याची नोंद यंत्र स्वतः ठेवते. आपल्या शाळेतील डेडस्टॉक रजिस्टरासारखीच, पण ही मात्र कधी मागे पडत नाही!

एक उदाहरण घेऊ. जीकॉम्प्री हा प्राथमिक वयाच्या मुलांसाठीचा खेळांचा संच आहे. अंकओळख, वाचन, भूगोल, विज्ञान अशा विषयांचे शंभराहून अधिक खेळ त्यात आहेत. नावाचा उच्चार फ्रेंच भाषेतील ‘मला समजले’ या अर्थाच्या वाक्यासारखा होतो. तो उबुंटूवर आणावयाचा तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रणालीसोबतच येणारे ॲप सेंटर उघडून शोधाच्या चौकटीत नाव लिहिणे व इन्स्टॉल हे बटण दाबणे. हे जमले तर पुढील कटकटीची गरजच नाही. परंतु जुन्या यंत्रावर हे दुकान कित्येकदा इतके संथ चालते की धीर सुटतो. तेव्हा टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून आज्ञा स्वतः लिहावी लागते.

या खिडकीचे भय अकारण आहे. तीत प्रथम सुडो, मग ॲप्ट, मग अपडेट असे तीन शब्द रोमन लिपीच्या लहान अक्षरांत, मध्ये एकेक जागा सोडून लिहावयाचे. सुडो म्हणजे ‘हे काम अधिकाऱ्याच्या नात्याने कर’. मुख्य कपाटाची किल्ली जशी मुख्याध्यापकांकडे असते, तशी प्रणालीत बदल करण्याची मुभा संकेतशब्द जाणणाऱ्यासच असते. ॲप्ट हा भांडाराचा कारभारी. आणि अपडेट या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. त्याने एकही आज्ञावली नवी होत नाही. भांडारातील मालाची ताजी यादी तेवढी येते. यादी आल्यावर सुडो, ॲप्ट, इन्स्टॉल व त्यापुढे पॅकेजाचे नाव लिहावे. जीकॉम्प्रीचे पॅकेज भांडारात केवळ त्या नावाने नाही. नावापुढे आडवी लहान रेघ व क्यू-टी ही दोन अक्षरे आहेत. नाव ठाऊक नसेल तेव्हा ॲप्ट, सर्च व हवा तो शब्द लिहिला असता कारभारी जुळणारी सर्व नावे दाखवितो.

संकेतशब्द विचारला जातो तेव्हा अनेक आवृत्त्यांत टंकलेले काहीच पडद्यावर उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. कळफलक बंद पडला असे वाटून कितीतरी जण येथेच यंत्र बंद करतात. निःशंकपणे टंकून एंटर दाबावे. शेजारी बसलेल्यास अक्षरांची संख्याही कळू नये एवढाच त्यातील हेतू आहे.

आता संदेशांविषयी. कारभारी बोलतो पुष्कळ, आणि नवशिका त्या ओळींच्या लोंढ्याने गांगरून जातो. परंतु दोषाची ओळ बहुधा ई या रोमन अक्षराने व त्यापुढील विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते. डब्ल्यूने सुरू होणारी ओळ इशाऱ्याची असते. तिच्यावाचून काम सहसा अडत नाही. ‘पॅकेज सापडत नाही’ असे आले तर नावाचे एकेक अक्षर तपासावे व यादी ताजी केली होती काय ते आठवावे. कुलूप मिळत नाही अशा अर्थाचा संदेश आला तर समजावे की दुसरे एखादे काम याच वेळी भांडाराशी चालू आहे. यंत्र सुरू होताच प्रणाली स्वतःची सुरक्षाविषयक दुरुस्ती पार्श्वभूमीत करू लागते, हे याचे नेहमीचे कारण. चहा घेऊन यावे. कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तरी तसे करू नये. मिळविलेल्या पॅकेजाची फाइल स्वतःजवळच असेल तर तिच्या नावाआधी बिंदू व तिरपी रेघ द्यावी लागते. ती दिली नाही तर कारभारी ते नाव भांडारात शोधत बसतो, आणि फाइल डोळ्यांसमोर असून ‘सापडत नाही’ असे सांगतो.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर या प्रणालीस भिन्न वाटते. शब्दाच्या मध्येच एक जागा अधिक सुटली तरी अर्थ पालटू शकतो. वीस वर्षे अध्यापन केलेल्या गृहस्थास एका टिंबासाठी तीन वेळा नकार मिळतो तेव्हा त्याच्या मनात जो संताप व जी लाज दाटते, तीच पहिलीतील मुलाच्या मनात ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीपाशी दाटत असते. फरक एवढाच की मुलास यंत्र बंद करून उठून जाण्याची सोय नसते. म्हणून हे काम एकट्याने, दार लावून करू नये. दोघांनी बसावे, एकाने टंकावे, दुसऱ्याने संदेश वहीत जसाच्या तसा उतरवावा. वरच्या वर्गातील मुले जवळ असली तरी संकोच नको. गुरुजी अडले, त्यांनी वाचले, पुन्हा करून पाहिले, हे मुलांनी पाहण्यासारखेच आहे.

महाजालावर तयार आज्ञा पुष्कळ सापडतात. त्यांतील ज्या सुडोने सुरू होतात त्या अर्थ समजल्यावाचून उतरवून घेऊ नयेत, कारण तो शब्द अनोळखी माणसाच्या हाती कपाटाची किल्ली देतो. आर व एम या दोन अक्षरांची आज्ञा फाइली नाहीशा करते व मागे विचारीत नाही. फलक-पुसणे तरी थोडे पांढरे ठेवते. परगावच्या दात्याने प्रणाली बसवून दिली असेल तर संकेतशब्द मागून घ्यावा. तो नसल्यास वरील सर्व विवेचन व्यर्थ आहे.

काम सुफळ झाल्यावरही एक निराशा संभवते. पडद्यावर नवे चिन्ह दिसत नाही, आणि ‘सी’ नावाचा कप्पाही कोठे आढळत नाही. आज्ञावलीचे भाग या प्रणालीत ठरलेल्या निरनिराळ्या ठिकाणी जातात. ते शोधण्याचे प्रयोजन नाही. सर्व ॲप्सची यादी उघडून नावाची पहिली अक्षरे लिहिली की चिन्ह येते.

दान मिळालेल्या यंत्राची आवृत्ती सेटिंग्जमध्ये आधी पाहून घ्यावी. उबुंटूच्या दीर्घकाळ आधाराच्या आवृत्त्यांस एलटीएस म्हणतात व त्यांस पाच वर्षे सर्वसाधारण आधार मिळतो. मधल्या आवृत्त्यांस केवळ नऊ महिने. मुदत संपलेल्या आवृत्तीचे भांडार कालांतराने जुन्या जागेवरून हलविले जाते, आणि मग प्रत्येक आज्ञेस ४०४ या आकड्याचे उत्तर येते. अशा वेळी आज्ञांशी झुंजत न बसता नवी एलटीएस आवृत्ती बसविणे श्रेयस्कर. ती बसविताना चकतीवरील जुना मजकूर जाऊ शकतो. निकालपत्रके त्याच यंत्रात असतील तर ती आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत.

जेथे शाळेत महाजालाची जोडणी नाही, तेथे शिक्षकाचा मोबाइल तारेने यंत्रास जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले असता बहुधा काम भागते. किती एमबी उतरवावे लागतील हे कारभारी आरंभी सांगतो व होकारासाठी थांबतो. तो आकडा पाहून, दिवसाच्या डेटात बसत असेल तरच वाय हे अक्षर दाबावे. नसेल तर एन दाबून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच आज्ञा द्यावी.