फूल पडतं, फळ राहतं

मार्च-एप्रिलमध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या गावांत पहाटे उजाडायच्या आत लोक टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. बाहेरगावच्या मित्रांना हे सांगितलं की ते हमखास विचारतात, "एवढी फुलं वेचून नेल्यावर झाडाला फळ कसं लागणार?" शंका बरोबर आहे. जास्वंदीचं फूल देठासकट खुडलं, तर त्या जागी फळ येणारच नाही. मग मोहाचं वेगळं काय?

आधी शाळेतला धडा थोडा आठवू. फुलात बाहेरून आत चार मंडलं असतात: निदलं, पाकळ्या, पुंकेसर आणि मधोमध स्त्रीकेसर. स्त्रीकेसराचं टोक म्हणजे कुक्षी, खालचा फुगीर भाग म्हणजे अंडाशय, आणि त्याच्या आत बीजांडं. परागकण कुक्षीवर पडला की त्यातून एक बारीक नळी निघून बीजांडापर्यंत जाते. ती दोन पुंयुग्मकं घेऊन जाते. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो, तर दुसऱ्यापासून भ्रूणाचं अन्न, म्हणजे भ्रूणपोष. हे दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ नावाशिन यांनी 1898 मध्ये दाखवून दिलं. पुढे बीजांडाचं बी होतं आणि अंडाशयाचं फळ. म्हणजे परागण झाल्यावर पाकळ्यांचं काम संपलं. फळासाठी अंडाशय तेवढं झाडावर राहायला हवं.

आता मोह बघा. हा चिकूच्या कुळातला. फुलतो तेव्हा पानं बहुतेक गळून गेलेली असतात आणि फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस लोंबतात. कळी पूर्ण उमलण्याआधीच लांब कुक्षीवृंत बाहेर डोकावतो आणि कुक्षी पराग घ्यायला तयार होते. त्याच फुलातले पुंकेसर नंतर पिकतात, त्यामुळे फुलाचा पराग त्याच फुलावर पडण्याची शक्यता कमी होते. रात्री उग्र गोड वासाने वटवाघळं येतात. ती गरयुक्त पाकळ्या खातात आणि अंगाला लागलेला पराग पुढच्या झाडावर नेतात. पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांची रसाळ नळी झालेली असते आणि पुंकेसर त्या नळीलाच आतून जोडलेले असतात. पहाटे ही नळी पुंकेसरांसकट गळते. निदलं आणि अंडाशय मात्र फांदीवरच राहतात.

आपण ज्याला मोहफूल म्हणतो ते खरं तर पूर्ण फूल नाहीच. ते झाडाने काम झाल्यावर टाकून दिलेलं असतं. म्हणून वेचल्याने फळाचं काही बिघडत नाही.

मराठी मंडळाच्या अंकात शब्दाबद्दलही एक ओळ हवीच. झाडाचं नाव 'मोह' आणि मनाचा 'मोह' हे दोन वेगळे शब्द आहेत. झाडाचं नाव संस्कृत 'मधूक'पासून, प्राकृतातून घासत आलं. हिंदीतला 'महुआ' त्याचाच भाऊ. दारूमुळे आपण दोन्ही शब्द एक समजतो आणि झाड उगाच बदनाम होतं.

पण झाडाला खरा धोका पुढे आहे. जून-जुलैत फळ पिकतं. त्यातल्या बीला आमच्याकडे गुल्ली म्हणतात, विदर्भात टोळी. जाड बीजपत्रांत साठवलेलं तेल हा खरं म्हणजे रोपाचा शिधा. आपण ते काढून खातो, दिव्यात जाळतो. हे बी फार दिवस टिकत नाही, लवकर रुजलं नाही तर मरतं. त्यात, फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि आधीच्या पावसात उगवलेली रोपं त्यात जळतात. म्हातारी झाडं फुलत राहतात, म्हणून सगळं ठीक दिसतं. पण त्यांच्या मागे येणारी झाडं कुठे आहेत? रोप फुलायला दहाएक वर्षं तरी लागतात. आज उगवलं नाही, तर आपल्या पोराबाळांच्या टोपल्या रिकाम्या राहतील.

हा हंगाम आम्हा कॅथलिकांच्या उपवासकाळाच्या आसपास येतो. योहानाच्या शुभवर्तमानात जमिनीत पडणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा दाखला आहे. तो ऐकताना मला गुल्ली आठवते. पडायला ती तयारच आहे, तिला न जळलेली जमीन मिळायला हवी.

उपाय अवघड नाहीत. पाला पेटवण्याऐवजी झाडून बाजूला करावा. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात, त्यात फुलं स्वच्छही राहतात. आणि गुल्ली वेचताना प्रत्येक झाडाखाली थोडी सोडावी. फुलं मात्र खुशाल न्या. ती झाडाने आपणहून दिलेली आहेत.