गॅस जातो कुठे?

पिंपरी

चि. सायलीस,

तू पाठवलेला तुझ्या एअरसॉफ्ट पिस्तुलाचा व्हिडिओ बघून फारसं कळलं नाही, डोळे मिटून ऐकला तेव्हा कळलं. सुरुवातीचे शॉट खणखणीत. मग स्लाइड आळसावते, शेवटी मागे अडकतही नाही. आणि नंतर एकदा ट्रिगर ओढलास तर लांबलचक ‘फुस्स’ करून अख्खं मॅगझिन रिकामं. त्यावर तुझा मेसेज, ‘मामा, व्हॉल्व्ह गेला, नवीन मागवते.’

मागवू नकोस. निदान इतक्यात तरी.

उभी हयात फ्रिज आणि एसीच्या गॅसमध्ये गेली माझी. आमच्या धंद्यात एक जमात आहे: दर उन्हाळ्यात येणार, गॅस ‘टॉप-अप’ करणार, पैसे घेऊन जाणार. गॅस कमी झाला कशाने, हे बघायचं नाही. कारण गळती सापडली तर पुढच्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक गेलं! एअरसॉफ्टवाल्यांतही मला तेच दिसतं. फक्त गॅसच्या जागी व्हॉल्व्ह बदलत बसतात. तू आधी गॅस जातो कुठे ते शोध, स्क्रूड्रायव्हर नंतर हातात घे.

तुझ्या त्या हिरव्या डब्यातला ‘ग्रीन गॅस’ म्हणजे प्रोपेन आणि थोडंसं सिलिकॉन तेल. आम्ही त्याला आर-२९० म्हणतो. गोदरेजने 2012 साली प्रोपेनवरचे एसी बाजारात आणले, आपल्या शिरवळच्या कारखान्यातून, तेव्हापासून त्याच्याशी माझी चांगली ओळख आहे. जपानी लोक मात्र आपल्या पिस्तुलांना वर्षानुवर्षं 134ए देत आले, म्हणजे मोटारीच्या एसीतला गॅस. तुझी टोकियो मारुईची हाय-कॅपा मुळात त्याच गॅसवर बेतलेली. तिची प्लॅस्टिकची स्लाइड हलकी आहे ती त्यामुळेच.

मॅगझिनमध्ये थोडा द्रव आणि वर वाफ असते. प्रेशर ठरतं ते द्रवाच्या तापमानावर, किती भरलाय त्यावर नाही. प्रोपेन 20 अंशांना गेजवर साधारण 107 पीएसआय दाखवतो, 10 अंशांना 78 आणि 0 अंशाला जेमतेम 54. 134ए तर 20 अंशांनाच 68 आणि 0 अंशाला 28 च्या आसपास. आता शेफील्डमधली तुझी नोव्हेंबरची सकाळ आठव. मॅगझिन 6-7 अंशांवर. त्यात तू भराभर ट्रिगर ओढतेस. प्रत्येक शॉटला थोड्या द्रवाची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता मॅगझिनच्या अंगातूनच खेचली जाते. म्हणून ते हाताला गार लागतं, कधी कधी वर दव धरतं. बाहेर 7 अंश, पण आतला गॅस शून्याखाली गेलेला. यात बिघाड कसलाच नाही. तुझा फ्रिज याच तत्त्वावर चालतो.

आता ती ‘फुस्स’. हॅमर पडतो तो सरळ व्हॉल्व्हवर नाही, मधल्या एका छोट्या तुकड्यावर. त्याला नॉकर म्हणतात. नॉकर व्हॉल्व्ह दाबतो आणि दाबलेल्या जागीच अडकून राहतो. म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच. आलेला गॅस नॉझलमधून आधी पुढे बीबीला, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळीला ढकलतो. बीबी सुटली की नॉझलच्या आतला छोटा तरंगता व्हॉल्व्ह सरकतो आणि उरलेला गॅस मागे वळून स्लाइडला रेटतो. स्लाइड पुरती मागे आली तरच नॉकर सुटतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. गार गॅसला स्लाइड तिथवर ढकलायचा दमच नसेल, तर व्हॉल्व्ह बंद करणारं कोण? सगळा गॅस निघून जातो. ऐकणाऱ्याला वाटतं व्हॉल्व्ह फुटला. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह ठणठणीत असतो.

खात्री करून घे. तेच मॅगझिन घरी, खोलीच्या उबेत तासभर ठेव. मग गॅस भरून सावकाश, एकेक शॉट मार. नीट चाललं तर दोष थंडीचा. मैदानावर दोन मॅगझिन कोटाच्या आतल्या खिशात ठेव, आळीपाळीने वापर आणि शॉटच्या मध्ये श्वास घेण्याइतकं थांब. रेडिएटरवर, हेअर ड्रायरखाली किंवा गरम पाण्यात काहीही ठेवायचं नाही. डब्यावर 50 अंशांची मर्यादा छापलेली असते, ती उगाच छापलेली नाही.

भरण्याची तुझी पद्धतही मी बघितली. डबा सरळ उभा धरून वरून मॅगझिन दाबतेस. त्याने आत नुसती वाफ जाते, द्रव जात नाही. मॅगझिन उलटं धर, बूड वर. डबा त्यावर उलटा, अगदी सरळ रेषेत, आणि ठाम दाब. तिरका धरलास तर अर्धा गॅस तुझ्या बोटांवर येईल, बोट भाजल्यासारखं दुखेल. पाचेक सेकंद पुरतात. काठोकाठ भरायचा मोह आवर. आपल्या घरच्या सिलिंडरमध्येसुद्धा वर वाफेसाठी जागा सोडतात, तसंच इथे. जागा उरली नाही की शॉटबरोबर द्रवच बाहेर येतो, पांढरा धूर दिसतो आणि स्लाइड पुन्हा सुस्त. आणि मॅगझिन डब्यापेक्षा गरम असेल, उन्हात पडलं असेल, तर गॅस आत शिरतच नाही. त्याला सावलीत निवू दे.

हे सगळं करूनही रात्री भरलेलं मॅगझिन सकाळी रिकामं निघालं, तर मात्र ती खरी गळती. एक टब घे, कोमट नाही, साध्या पाण्याचा. बीबी काढून टाक, गॅस भर, मॅगझिन पूर्ण बुडव आणि मिनिटभर स्वस्थ बघत बस. सुरुवातीला खाचाखोचांतली हवा सुटते, त्या बुडबुड्यांनी फसू नकोस. एकाच जागेवरून एकामागून एक मण्यांच्या सरीसारखे वर येतात ते खरे. बुडाच्या भरण व्हॉल्व्हच्या मध्यातून येत असतील तर त्याची दांडी नीट बसलेली नाही, बारीक काडीने चार वेळा झटक्यात दाबून सोड. कचरा असेल तर निघून जातो. कडेने येत असतील तर व्हॉल्व्ह सैल आहे. आधी मॅगझिन बाहेर मोकळ्या हवेत पूर्ण रिकामं कर, मग किंचित आवळ. बुडाच्या जोडातून येत असतील तर आतलं रबर पॅकिंग सुकलंय. टेफ्लॉन टेप गुंडाळायचा सल्ला तुला कोणीतरी देणारच. नळाची कामं करणाऱ्यांची ती सवय. इथे गॅस अडवते ओ-रिंग, आटे तिला नुसते जागेवर धरतात.

एक दोष पाण्यात दिसत नाही. मॅगझिनच्या वरच्या टोकाला, जिथून गॅस नॉझलमध्ये जातो, तिथे एक रबराचा ओठ असतो. तो फाटला किंवा तिरका बसला की पडून राहिलेल्या मॅगझिनमधून काहीच जात नाही, पण प्रत्येक शॉट अशक्त पडतो. तो नखाने चाचपून बघ. तसंच, मॅगझिन पिस्तुलात घालताक्षणीच गॅस सुटू लागला तर नॉकर पुढे अडकून राहिलाय. मॅगझिन काढ, स्लाइड एकदा मागे ओढून सोड, मग पुन्हा घाल.

तेल फक्त शुद्ध सिलिकॉनचं. घरातलं डब्ल्यूडी-४० किंवा शिवणयंत्राचं तेल मारलंस तर रबर फुगतं आणि मग खरोखरच व्हॉल्व्ह जातो. भरण व्हॉल्व्हवर एक-दोन थेंब टाकून गॅस भरलास की तेल आपसूक आत पोचतं. बीबीला फिरकी देणाऱ्या हॉप-अपच्या रबराला मात्र तेलाचा स्पर्शही नको, नाहीतर बीबी कुठे जाईल ते बीबीलाही ठाऊक नसतं. खेळून आल्यावर मॅगझिन कोरडंठाक ठेवू नकोस, थोडा गॅस राहू दे. सील आतल्या दाबाने जागेवर बसून राहतात.

तुझा तो मित्र ‘जास्त पॉवरचा’ गॅस घे म्हणतोय, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. दाब फार वाढला की हॅमरला व्हॉल्व्ह उघडताच येत नाही, नुसतं ‘टक’ होतं. आणि उघडलाच, तर तुझ्या प्लॅस्टिकच्या स्लाइडला तडा जाईल. सीओटूची तर गोष्टच वेगळी, 20 अंशांना आठशे पीएसआयच्या वर. त्यासाठी बनवलेल्या मॅगझिनखेरीज त्याचं नाव काढायचं नाही. उन्हाळ्यात ग्रीन गॅसऐवजी कमी दाबाचा गॅस वापरलास तर तुझी हाय-कॅपा जास्त वर्षं टिकेल, पैसे थोडे जास्त गेले तरी.

काम सुरू करण्याआधी मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामा, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी. स्वयंपाकघरात अजिबात नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो, आणि वास येईल या भरवशावर राहू नकोस. पिस्तूल घराबाहेर नेताना बंद बॅगेत. निळ्या रंगाचं असलं तरी बसमध्ये कोणाला तेवढं नीट दिसत नाही, आणि तिकडे कारणाशिवाय असलं पिस्तूल चारचौघांत बाळगणं गुन्हा आहे. दिवाळीला येशील तेव्हा ते आणि गॅसचे डबे तिकडेच राहू देत. विमानात डबे नेता येत नाहीत, आणि ताईने बॅग उघडली तर मला फोन येईल.

रविवारी टबाचा प्रयोग कर आणि बुडबुडे कुठून आले त्याचा जवळून फोटो पाठव. पार्ट लागलाच तर कुठला, ते त्यानंतर बघू.

तुझा
बापूमामा