चार्ल्स्टन येथील सभा, सन १८६०

वाळूज-गंगापूरकडील आमच्या वाचकांस कापूस म्हणजे काय हे सांगावयास नको. सन १८६१ पासून काही वर्षे मुंबईच्या बाजारात त्याचा भाव भलताच चढला होता; कारण अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तेथला कापूस विलायतेस पोहोचेना. त्या युद्धाच्या आदल्या वर्षी तेथील डेमोक्रॅटिक पक्ष कसा दुभंगला, ते या पाठात पाहू.

त्या काळी अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते, व ते बहुतेक सर्व दक्षिणेत. हा पक्ष मात्र उत्तरेत होता तसा दक्षिणेतही होता. नव्या मुलखात गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील वस्तीनेच ठरवावे, असे उत्तरेचे पुढारी स्टीफन डग्लस म्हणत. पण केव्हा ठरवावे? उत्तरेचे लोक समजत, आरंभीच; दक्षिणेचे समजत, पुढे राज्य बनेल तेव्हा. वाक्य एक आणि अर्थ दोन, व त्यावरच पक्षाची एकी उभी!

एप्रिल १८६० मध्ये चार्ल्स्टन शहरी उमेदवार निवडण्यास सभा भरली. नव्या मुलखात गुलामांवरील मालकी हक्काचे सरकारने रक्षण करावे असे स्पष्ट लिहा, असा दक्षिणेच्यांनी हट्ट धरला. तो नाकारला जाताच अलाबामाचे प्रतिनिधी उठून गेले, मागोमाग इतरही. ५७ वेळा मते घेतली, तरी डग्लस यांस दोन तृतीयांश मते मिळेनात. जूनमध्ये बाल्टिमोर येथे पुन्हा फूट पडून उत्तरेने डग्लस यांस व दक्षिणेने ब्रेकिन्रिज यांस उभे केले. लिंकन शेकडा सुमारे ४० मतांवर निवडून आले. फूट नसती तर ते हरते, असे पुष्कळ जण समजतात, ते खरे नव्हे. विरोधकांची सर्व मते एकत्र केली तरी लिंकन यांचेच पारडे जड राहते. पक्ष फुटल्याने गेली ती दोन्हीकडच्यांस एकत्र बसावयास उरलेली जागा. १२ एप्रिल १८६१ रोजी पहिली तोफ डागली गेली, ती त्याच चार्ल्स्टनच्या बंदरात.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली. जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये, ती मोडणाऱ्या अमेरिकन लोकांसच अर्पण केले.

आम्हांस खेद याचा वाटतो की, ख्रिस्ती मंडळ्या पक्षाच्याही आधी फुटल्या होत्या. बिशपाने गुलाम बाळगावे काय, यावरून मेथडिस्ट १८४४ साली. गुलाम बाळगणाऱ्यास मिशनरी म्हणून पाठवावे काय, यावरून बाप्टिस्ट १८४५ साली. मेथडिस्टांच्या त्या मंडळ्या १९३९ मध्ये पुन्हा एक झाल्या. बाप्टिस्टांच्या आजही वेगळ्या आहेत.