पवना काठच्या केबिनसाठी हीटर कोणता घ्यायचा? खरेदीआधी हे चार हिशेब करा

मागच्या व्हिडिओनंतर पवना धरणाकाठच्या एका तरुणाचा फोन आला. घरच्या जागेत पाच लाकडी केबिन उभ्या केल्यात. म्हणाला, "सर, डिसेंबरात गिऱ्हाईक रात्री बारा वाजता उठवतं. म्हणतं, थंडी वाजतेय, शेगडी आत आणून द्या. नाही म्हटलं तर रिव्ह्यू खराब. काय करू?"

प्रश्न हीटरचा वाटतो, पण आहे धंद्याचा. गिऱ्हाईक तुमच्याकडून खोली विकत घेत नाही, रात्रीची शांत झोप विकत घेतं. आणि सकाळी ते उठलंच पाहिजे!

हिशेब पहिला : विस्तव कुठे जळतो?

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यात चार लहान मुलं, एका रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले. सकाळी सगळे बेशुद्ध सापडले आणि आठही जण गेले. बंद जागेत कोळसा किंवा गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. पार्टी करून झोपलेल्या माणसाला हे कळणारच नाही.

थंड देशातल्या मच्छीमार बोटींच्या केबिनमध्ये डिझेल हीटर असतात. तिथे जळायला लागणारी हवा बाहेरून येते, धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो, आणि आत येते ती फक्त गरम झालेली स्वच्छ हवा. समुद्रावरचा नियम आपणही घ्यायचा : माणूस श्वास घेतो त्या हवेत विस्तव नाही. म्हणजे शेगडी, कोळसा, साधा गॅस हीटर, तिन्ही बाद. टेंटमध्ये तर अजिबातच नाही.

गॅसचा आणखी एक तोटा. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. आधीच आपल्या मावळात दमटपणा, त्यात ही भर. गाद्या ओलसर, प्लायला बुरशी.

हिशेब दुसरा : आधी थंडी अडवा

पवनाकाठी पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो. हे काही मनाली नाही. आपल्याला आतलं तापमान आठेक अंशांनी वाढवायचंय, बस्स.

समजा केबिन दहा बाय बारा फूट आहे, उंची आठ फूट. भिंती आणि छत मिळून सुमारे ४७० चौरस फूट होतात. नुसतं प्लाय असेल तर ढोबळमानाने १२०० वॅट उष्णता सतत बाहेर जाते. त्याच भिंतीत आणि छतात एक इंची थर्माकोल बसवला, वरून पुन्हा प्लाय मारलं आणि दाराच्या फटींना रबरी पट्टी लावली, तर हेच काम ४५० वॅटच्या आसपास होतं. थर्माकोल उघडा मात्र ठेवू नका, तो लगेच पेटतो.

हिशेब तिसरा : रात्रीचा खर्च

विजेचा दर युनिटला १२ रुपये धरू. तुमच्या बिलावरचा दर घालून बघा.

- नुसतं प्लाय : १२०० वॅट, १० तास = १२ युनिट = १४४ रुपये
- थर्माकोलसह : ४५० वॅट, १० तास = ४.५ युनिट = ५४ रुपये

एका केबिनमागे रात्रीला ९० रुपये वाचले. पाच केबिन, थंडीच्या ६० भरलेल्या रात्री : २७,००० रुपये. आता सुताराचा अंदाज घ्या आणि हा खर्च किती हंगामांत वसूल होतो ते काढा.

केबिनसाठी माझी पसंती थर्मोस्टॅट असलेल्या ऑइल हीटरला. त्यात उघडी तार नाही, पंख्याचा आवाज नाही, खोली गरम झाली की तो आपोआप थांबतो.

हिशेब चौथा : वायरिंग

पाच केबिनमध्ये दीड किलोवॅटचे हीटर एकदम चालू झाले, तर साडेसात किलोवॅट झाले. गीझर वेगळेच. घरच्या मीटरवरून वायर ओढून हे चालणार नाही. महावितरणकडून व्यावसायिक जोडणी आणि पुरेसा मंजूर भार घ्या. हीटरला १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतोच. एक्स्टेन्शन बोर्डवर हीटर नको.

आणि टेंटचं काय?

तिथे हीटर नकोच. थंडी जमिनीतून चढते, म्हणून गादीखाली जाड फोमची चटई टाका. माणशी एक गोधडी जास्त द्या. बाहेर बंबात पाणी तापवा आणि झोपताना प्रत्येकाला गरम पाण्याची रबरी पिशवी द्या. शेकोटी बाहेर, मोकळ्यावर. झोपण्याआधी पाणी ओतून पूर्ण विझवायची.

मग रात्री बारा वाजता शेगडी मागणाऱ्याला काय सांगायचं? रात्री बारापर्यंत थांबूच नका. बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा : "आत विस्तव चालत नाही. गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी आमच्याकडून मोफत." चेक-इनला पुन्हा सांगा. नियम आधी सांगितला की तो तुमची काळजी वाटतो, भांडणात सांगितला की अडवणूक वाटते.

आजचा गृहपाठ : एक रात्र स्वतः आपल्या केबिनमध्ये झोपा. पहाटे पाचला उठून तापमान मोजा, दाराच्या फटीला हात लावून वारा कुठून येतो ते बघा, वहीत लिहा. त्यानंतरच हीटरच्या दुकानाची पायरी चढा.