आजचा श्लोक : गीता ३.२१
भगवान इथे अर्जुनाला सांगतात, मोठी माणसं जशी वागतात, तसेच बाकीचे वागतात.

काल जेवताना लेकीचा टॅब काढून घेतला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मग तुझा फोन?" माझं ऑफिसचं चॅट चालूच होतं. तिच्या टॅबला टायमर, पासवर्ड सगळं मीच लावलंय. स्वतःला मात्र काहीच नाही.

पुढच्याच श्लोकात भगवान म्हणतात, मला मिळवायचं काही उरलं नाही, तरी मी कर्म करतोच. म्हणजे नियम सांगणाऱ्यालाही सूट नाही.

आजची साधना : जेवताना माझा फोन आधी बाजूला. नंतर एक व्हिडिओ दोघांनी मिळून बघायचा आणि तिला विचारायचं, हा कोणी बनवला, कशासाठी?

तुमच्या घरी पहिला फोन कोण ठेवतं?