वाटेचा कागद आणि वाटेचे यंत्र



आषाढी जवळ आली की आमच्या पुरुषोत्तमनगरात एक वाद हटकून निघतो. जुनी मंडळी विचारतात, "नकाशा घेतला का रे?" तरुण पोरं हसतात, "बाबा, मोबाईलात जीपीएस आहे, कागद कशाला?" दोघांचेही म्हणणे खरे आणि दोघांचेही अपुरे. या पाठात त्याचाच विचार करू.

आळंदीहून माउलींबरोबर चालणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण हे मुक्काम ठरलेले. पुढे पताका दिसते, तिकडे चालायचे. शहादा तालुक्यातून निघणाऱ्या लहान दिंडीचे तसे नाही. येथून पंढरपूर सरळ रेषेतच सुमारे 440 किलोमीटर, दक्षिणेला व किंचित पूर्वेला. चालण्याची वाट त्याहून लांब. तापी प्रकाशाच्या पुलावरून ओलांडायची की सारंगखेड्याच्या, येथूनच विचार सुरू होतो.

आधी कागद पाहू. भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 पासून हे काम करीत आला आहे. त्याच्या नेहमीच्या पत्रकावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी रेषा दाट आल्या की चढ खडा समजावा, विरळ असल्या की जमीन सपाट. ओढा, विहीर, देऊळ, पायवाट, सारे त्यात असते. पण असे एक पत्रक दक्षिणोत्तर जेमतेम 28 किलोमीटर मुलूख दाखवते. पंढरपूरपर्यंत सोळा-सतरा तरी लागतील. म्हणून सगळ्या वाटेसाठी जिल्ह्यांचे नकाशे घ्यावेत आणि घाटापुरती मोठी पत्रके. कागदाचा मोठा गुण असा की सारी वाट एकदम डोळ्यांपुढे येते. उणीव अशी की "आत्ता मी कुठे उभा आहे" हे तो सांगत नाही. आणि पावसात भिजतो.

ते यंत्र सांगते. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळेची खूण पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांची खूण मिळाली की ती यायला किती वेळ लागला यावरून मोबाईल आपली जागा काढतो. मोबाईल फक्त ऐकतो, वर काही पाठवीत नाही. म्हणून नेटवर्क नसले तरी जागा कळते. पण खालच्या नकाशाचे चित्र बहुधा इंटरनेटवरून येते. ते घरीच उतरवून घेतले नसेल, तर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसतो! शिवाय बॅटरी संपली की ठिपकाही गेला.

आता आमचीच एक चूक सांगतो. एका साली यंत्राने जवळची वाट दाखवली आणि आम्ही शेतांतून निघालो. पुढे नाला भरून आलेला. परत फिरलो तोवर अंधार पडला. मुक्कामावर माणसे मोजली तर एक आजोबा कमी! त्यांच्याजवळ मोबाईल नव्हता. मागच्या वस्तीवरच्या देवळात ते सापडले; तेथल्या माउलीने त्यांना भाकरी दिली होती. ती म्हणाली, "इचारलं असतं तर सांगितलं असतं, नाला दुपारीच आला व्हता." आम्ही खाली मान घातली. यंत्र बिघडले नव्हते. आम्ही सगळे पडद्याकडे पाहत होतो, मागे कोणी पाहिलेच नाही.

वाट बदलते, हे दोन्ही साधनांनी लक्षात ठेवायचे असते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, माणसे गेली. छापील नकाशावर त्यानंतरही तो पूल तसाच होता. यंत्रालाही कोणी कळवल्यावाचून कळत नाही. पावसाळ्यात आजचा पूल, आजचा ओढा आजच्याच माणसाला ठाऊक.

म्हणून दिंडीचालकांनी एवढे करावे:

1. निघण्यापूर्वी कागदावर सारे मुक्काम लिहावेत आणि एकेक प्रत प्रत्येकाच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घालून द्यावी. तीवर दिंडीप्रमुखाचा फोन असावा.

2. दोन मोबाईलांत नकाशा आधीच उतरवून ठेवावा. एक चालू, एक बंद.

3. वाट शोधताना मोटारीची नव्हे, पायी चालणाऱ्याची निवडावी. तरी ओढ्याची चौकशी करावीच.

4. रोज सकाळी गावातल्या जाणत्याला पुढची वाट विचारावी. विचारण्यात कमीपणा नाही.

5. विसाव्याला आणि मुक्कामाला माणसे मोजावीत. शेवटी चालणाऱ्याच्या मागे एक तरणा गडी ठेवावा.

कागद वाट समजावतो, यंत्र जागा सांगते. पण मागे राहिलेल्या म्हाताऱ्याचा हात दोघेही धरीत नाहीत. ते काम आपले. दिंडी लवकर पोहोचली यात भूषण नाही. जितके निघाले तितके सगळे चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहिले, म्हणजे वारी घडली.